हेराल्डचं स्टेअरिंग पुन्हा पुन्हा जड होतंय? आधी खालचा ट्रनियन उघडा

तक्रार जवळपास ठरलेली असते. स्टँडर्ड हेराल्डचं स्टेअरिंग जड झालं म्हणून गाडी गॅरेजात नेली. मेकॅनिकने पुढे सापडेल त्या निप्पलला ग्रीस मारलं आणि काही दिवस गाडी हलकी चालली. मग पुन्हा तेच. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही, गाडी लावताना दोन्ही हातांनी ओढावं लागतं आणि पूर्ण वळवलं की चाकाच्या खालून 'कट्' असा आवाज येतो. कोणी टायर बदलायला सांगतं, कोणी स्टेअरिंग रॅक. रॅक बदलूनही फरक पडला नाही, तर दोष बहुतेक वेळा चाकामागे तळाशी बसलेल्या पितळी रंगाच्या ठोकळ्यात असतो. तो खालचा ट्रनियन.

हा नुसता त्रासाचा नाही, धोक्याचा प्रश्न आहे. ट्रनियन कोरडा राहिला की त्यात फिरणारी पोलादी व्हर्टिकल लिंक, म्हणजे चाक धरून ठेवणारा उभा दांडा, एक दिवस आट्यांच्या मुळाशी तुटते. चाक आत दुमडतं आणि गाडीचा तो कोपरा रस्त्यावर बसतो. असं बरेचदा हळू वेगात, स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं असताना घडतं, म्हणजे सोसायटीच्या गेटात. पण ते गेटातच घडेल याची हमी कोणी देत नाही. स्टेअरिंग जड आहे आणि खालून आवाजही येतोय, अशी दोन्ही लक्षणं असतील तर गाडी आधी उभी करा आणि मग पुढचं वाचा.

ही रचना आली कुठून

ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतून बाजारात आली. आकार इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीचा. त्या काळी सगळे सलग बॉडीकडे वळत होते, तरी हिला वेगळी चासी दिली गेली आणि बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टने बसवले. चासी वेगळी असल्यामुळेच पुढचं सस्पेन्शन आजही अख्खं सोडवून बाहेर काढता येतं. बॉनेट पुढच्या बाजूला उलटतं, त्यामुळे टायरवर बसून काम करता येतं. ज्याने पद्मिनीच्या इंजिनात वाकून कंबर धरून घेतली आहे त्याला याचं मोल कळेल.

आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून हीच गाडी 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून बनवली, ९४८ सीसी इंजिन ठेवून. १९६८ ला चार दारांची मार्क थ्री आली. १९७२ पासून गॅझेल आली, तिच्यात मागचा स्विंग अॅक्सल (ज्यावर मागची दोन चाकं वेगवेगळी झुलतात) काढून सरळ अॅक्सल दिला. आपल्या मेकॅनिकांना आणि गिऱ्हाइकांना तो मागचा स्विंग अॅक्सल कधी पचलाच नाही. पुढच्या ट्रनियनबद्दल मात्र फार कोणी बोललं नाही, कारण नवी असताना ही जागा झकास चालते. जेमतेम २५ फुटांत गाडी फिरवणारी रचना आहे ही. दादरच्या गल्लीत हेराल्डवाला एका दमात वळायचा, तेव्हा फियाटवाला दुसऱ्यांदा रिव्हर्स घेत असायचा.

नेमकं चालतं काय

फियाट ११०० किंवा पद्मिनी हातावेगळी केलेल्या माणसाला किंगपिन माहीत असतो: दोन बुशांमध्ये फिरणारी गुळगुळीत पिन, वर-खाली ग्रीस निप्पल, विषय संपला. हेराल्डमध्ये किंगपिन नाही. चाकाला चासीशी जोडणारे दोन आडवे हात असतात, ते विशबोन. वरच्या विशबोनला बॉल जॉइंट आहे. खालच्या टोकाला व्हर्टिकल लिंकच्या बुडावर जाड आटे पाडलेले आहेत आणि ते ब्राँझच्या ट्रनियनमध्ये चावलेले असतात. स्टेअरिंग फिरवलं की लिंक त्या आट्यांमध्ये खरोखर फिरते, म्हणजे थोडी वर किंवा खाली सरकते. ट्रनियनच्या खालच्या भागातून आडवा बोल्ट जातो. त्यावर पोलादी स्लीव्ह, त्यावर नायलॉनचे बुश, आणि हा बोल्ट खालच्या विशबोनला धरतो. खड्ड्यात चाक वर-खाली होतं तेव्हा हालचाल या बुशांवर होते, आणि वळताना आट्यांवर. एकाच ठोकळ्यात दोन कामं.

आता वजनाकडे बघा. स्प्रिंग आणि शॉकअप यांचा जोड खालच्या विशबोनवर टेकलेला आहे. म्हणजे गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजन विशबोनवरून ट्रनियनवर, ट्रनियनच्या आट्यांवरून लिंकवर आणि मग चाकावर उतरतं. वरचा बॉल जॉइंट फक्त लिंक उभी धरतो. थोडक्यात, गाडीचा तो कोपरा काही आट्यांवर लटकलेला असतो आणि आपण तेच आटे रोज फिरवतो. इतक्या दाबाखाली दोन धातूंमध्ये तेलाचा पातळ थर टिकला पाहिजे. म्हणून कंपनीच्या मॅन्युअलमध्ये इथे ग्रीस सांगितलेलं नाही. दर ६,००० मैलांना, म्हणजे साधारण ९,६०० किलोमीटरला, ट्रनियनचा छोटा प्लग काढून तिथे निप्पल बसवायचं आणि ग्रीसगनमध्ये हायपॉइड गिअर ऑईल भरून ते वरून पाझरेपर्यंत मारायचं, अशी सूचना आहे.

आपल्याकडच्या गॅरेजात निप्पल दिसलं की ग्रीस, हे हाताला लागलेलं वळण आहे. दोष मेकॅनिकचा कमी, बाकी सगळ्या गाड्यांचा जास्त. ग्रीस वरच्या आट्यांपर्यंत नीट चढत नाही. तळाच्या पोकळीत साठतं, वर्षानुवर्षं तिथेच वाळतं आणि नंतर तेल मारलं तरी त्याची वाट अडवतं. तक्रार वारंवार का येते याचं उत्तर बहुतेकदा इथेच असतं: नव्या ग्रीसचा दाब आठवडाभर काम करतो आणि जुना गोळा जागचा हलत नाही.

ब्रिटनमध्ये काही जण पातळ, अर्धवट वाहणारं ग्रीस वापरतात आणि त्यावर तासन् तास वाद घालतात. माझं मत तेलाच्या बाजूने. गळतं, हे खरं. पण गळतंय म्हणजे आत आहे.

दोष कुठे आहे ते आधी ठरवा

हात काळे करण्याआधी टायरची हवा बघा. हसू नका, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग पुढची बाजू उचलून चासीखाली घोड्या लावा, दोन्ही चाकं हवेत. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. अजूनही जड असेल तर दोन्ही टाय रॉड एंड स्टेअरिंग आर्मपासून सोडवा. आता स्टेअरिंग फिरवलं की फक्त रॅक आणि कॉलम फिरतं आणि चाक हाताने वळवलं की फक्त बॉल जॉइंट आणि ट्रनियन. काय जड आहे ते लगेच कळतं. एक चाक सहज वळतं आणि दुसरं मध्येच अडतं, असा अनुभव नेहमीचा. अडणाऱ्या बाजूचा वरचा बॉल जॉइंट सोडवून लिंक थोडी सैल केली की राहिलेला संशयही फिटतो. तरीही ती जड फिरत असेल तर ट्रनियनच.

प्ले, म्हणजे सांध्यातला सैलपणा, तपासायला चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. हललं तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे. राहिला तर बॉल जॉइंट, ट्रनियनचे बुश किंवा आटे. मग टायरखाली पहार घालून चाक हलकेच उचला आणि ट्रनियनवर बॅटरी मारून बघा. लिंक ट्रनियनमधून वर उठताना दिसली तर आटे झिजलेत. ट्रनियन विशबोनमध्ये मागे-पुढे हलताना दिसला तर नायलॉनचे बुश गेलेत. 'कट्' आवाज बुशांचा असेल तर काम स्वस्तात सुटतं. आट्यांचा असेल तर नाही.

वळवताना सुरुवातीला सैल आणि शेवटच्या टप्प्यात एकदम घट्ट, असं होत असेल तर आणखी एक शक्यता धरा: कोणीतरी आधी काम करताना लिंक ट्रनियनमध्ये तळापर्यंत कसून तशीच सोडली आहे. यावर खाली पुन्हा येतो.

भंगारातला भाग ओळखणं

नवा माल आजही ब्रिटनमध्ये बनतो. त्याचं कारण एकटी हेराल्ड नाही. हेच घराणं ट्रायम्फच्याच व्हिटेस, स्पिटफायर, जीटी सिक्स या गाड्यांना लागलं आणि हीच ट्रायम्फची लिंक लोटसने सेव्हन आणि एलानलाही वापरली. त्यामुळे मागणी टिकून आहे. पण मागवण्याचा खर्च आणि कस्टम बघून आपण आधी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जातो, हे स्वाभाविक आहे. तिथे हेराल्डचा भाग 'फियाटचा आहे साहेब' म्हणून मिळतो आणि फियाटचा 'हेराल्डचा' म्हणून.

ओळखायला सोपं आहे. अॅम्बेसेडरला पुढे कॉइल स्प्रिंग नाही, लांब टॉर्शन बार आहे. फियाट-पद्मिनीला कॉइल आहे पण किंगपिनही आहे. हेराल्डच्या लिंकला किंगपिनचं भोक कुठेच सापडणार नाही. एका टोकाला बॉल जॉइंटची जागा, मध्ये स्टब अॅक्सलसाठी (ज्यावर चाक फिरतं तो आखूड दांडा) टेपर, म्हणजे निमुळतं, भोक, आणि दुसऱ्या टोकाला जाड आट्यांचा दांडा. ट्रनियन त्यावर चढलेला असेल तर त्याच्यावरचा चिखल नखाने खरवडा, पिवळसर ब्राँझ दिसेल. चुंबक लावून बघा, चिकटता कामा नये. चिकटला तर कोणीतरी लोखंडाचा बनवून घातला आहे, आणि लोखंडावर पोलाद फिरवणाऱ्याने पुढे काय केलं असेल कोणास ठाऊक. तो भाग तिथेच ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही बाजू सारख्या नाहीत. ड्रायव्हर बसतो तसं बघून, उजव्या चाकाला सुलटे आटे, डाव्या चाकाला उलटे. दांडा उभा धरा आणि समोरून बघा: आटे डावीकडून उजवीकडे चढत असतील तर सुलटे, उजवीकडून डावीकडे चढत असतील तर उलटे. दांडा उलटा धरला तरी हे बदलत नाही, त्यामुळे फसायला वाव नाही. भंगारवाला 'जोडी' म्हणून दोन उजव्या देतो, कारण त्याच्या दृष्टीने दोन सारखे म्हणजेच जोडी.

स्टब अॅक्सलचं टेपर हा दुसरा सापळा. घराणं एक असलं तरी जड मॉडेलचे अॅक्सल आणि हब मोठे होते, शिवाय त्यांना पुढे डिस्क होत्या, आपल्या हेराल्डला ड्रम. बाहेरून आलेली स्पिटफायर किंवा व्हिटेसची लिंक हाती लागली तर तुमचा स्टब अॅक्सल सोबत न्या. टेपरवर निळं मार्किंग लावून बसवून बघा. निळा रंग गोल गोल सगळीकडे उमटला तर ठीक. एकाच कडेला उमटला तर तो अॅक्सल तिथे फक्त अडकलाय, बसलेला नाही. ब्रेक प्लेटची भोकंही तेव्हाच जुळवून घ्या. गॅझेलचा पुढचा भाग हेराल्डच्याच वळणाचा आहे, तरी नुसत्या नावावर विसंबू नका, मापं घ्या.

पूर्ण गाडी भंगारात उभी असेल तर एकेक भाग मागू नका. स्प्रिंग ज्याच्यात बसते तो चासीवरचा सांगाडा बोल्टने जोडलेला असतो. तो विशबोन, लिंक, हब यांच्यासकट अख्खा सोडवून घ्या. फक्त दोन गोष्टी सांभाळा. खालच्या विशबोनचे आतले ब्रॅकेट आणि चासी यांच्यामध्ये पातळ पत्र्याचे शिम असतात. त्यांनीच चाकाचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेरचा कल, ठरतो. कुठल्या बोल्टवर किती शिम होते ते तिथेच कागदावर लिहा आणि तारेत ओवून ठेवा. दुसरं म्हणजे गॅस कटर. भंगारवाल्याला घाई असते आणि नट गंजलेले असतात, तो बोल्टऐवजी विशबोनच कापतो. ज्योत लिंकजवळ गेली की पोलादाचं पाणी उतरतं. आट्यांच्या जवळपास निळसर किंवा जांभळी झाक दिसली की तो भाग वजनावरच विकत घ्यायच्या लायकीचा. वीस-पंचवीस रुपये जास्त देऊन पाना लावायला सांगा.

स्प्रिंगबद्दल एकच वाक्य, पण ते वाचाच: शॉकअपच्या वरच्या तीन नटांनी आणि खालच्या एका बोल्टने स्प्रिंग-शॉकअप एकत्र बाहेर येतं, त्याच्या मधला नट मात्र स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय कोणीही सोडू नये.

गंजलेला ट्रनियन सोडवणं

आडवा बोल्ट पहिल्यांदा त्रास देतो. तो पोलादी स्लीव्हमध्ये गंजून एकजीव झालेला असतो. नट निघतो, बोल्टचं डोकं फिरतं, पण त्याच्यासोबत स्लीव्हही फिरतो आणि बोल्ट बाहेर येत नाही. हातोडा मारत बसू नका, त्याने विशबोनचे कान वाकतात. ट्रनियन आणि विशबोनच्या कानांमधल्या फटीत बारीक हॅकसॉ ब्लेड किंवा पातळ कटिंग व्हील घालून बोल्ट स्लीव्हसकट दोन्ही बाजूंनी कापा. बोल्ट, स्लीव्ह, बुश, वायसर असेही नवेच घालायचे आहेत.

मग लिंक आणि ट्रनियन. आधी वरचं रबर सील काढा, प्लग काढा, घासलेटमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. फिरवताना आट्यांची दिशा लक्षात ठेवा. डाव्या बाजूची लिंक सोडवायला नेहमीच्या उलट दिशेने फिरवायची. चुकून जोर लावून 'सोडवत' बसलात तर प्रत्यक्षात कसताय. तरी हलली नाही तर ट्रनियन गरम करा, लिंक नव्हे. ब्राँझ पोलादापेक्षा साधारण दीडपट प्रसरण पावतं, त्यामुळे बाहेरचा ठोकळा तापवला की त्याची पकड सुटते. नायलॉनचे बुश आधी काढलेले हवेत, नाहीतर वितळून भोकात चिकटतात. साधा ब्लो लॅम्प पुरतो. ट्रनियन हाताला लागणार नाही इतका तापला की बस, लाल करण्याची गरज नाही.

एवढं करूनही जी लिंक हटत नाही, तिच्यावर दया नको. ट्रनियन उभा चिरून लिंक बाहेर काढता येते, पण ज्या आट्यांना इतका गंज धरला त्यांच्यावर गाडीचं वजन पुन्हा टांगायचं का, हा प्रश्न उरतोच. माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच आहे.

वाचवण्यासारखं काय आहे

लिंक हाती आली की आटे वायर ब्रशने घासा, घासलेटने धुवा, फडक्याने कोरडे करा आणि उन्हात तिरपी धरून बघा. चांगल्या आट्याचा माथा सपाट असतो आणि उजेडात सलग चकचकीत पट्टा दिसतो. झिजलेल्या आट्याचा माथा धारदार होतो, बोट फिरवलं तर टोचतो. ट्रनियनच्या आतही तेच बघा. तिथले आटे पात्यासारखे पातळ झाले असतील तर ठोकळा गेला. आट्यांच्या तळाशी, खाचेत, गंजाचे बारीक खड्डे दिसले तर मात्र चिंता लिंकची. तडा तिथूनच सुरू होतो. विशेषतः सगळ्यात वरच्या आट्यापाशी, जिथे आटे संपून जाड दांडा सुरू होतो.

डोळ्यावर विश्वास ठेवू नका. डाय पेनिट्रंटचा तीन डब्यांचा संच वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतो. क्लीनरने भाग साफ करायचा, लाल डाय फवारून १० ते १५ मिनिटं ठेवायचा, फडक्याने पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. निर्दोष लिंक पांढरीच राहते. गंजाचे खड्डे लाल ठिपक्यांसारखे उमटतात. तडा असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते आणि बघता बघता रुंद होत जाते. रेघ दिसली की लिंक संपली. घासून, वेल्डिंग करून, भरून काहीही करायचं नाही. इतकंच नव्हे, दांड्याला आडवी कापून टाका, नाहीतर उद्या तीच पुन्हा बाजारात येईल. भोसरी, चाकण, सातपूर अशा औद्योगिक भागांत तपासणीच्या लॅब असतात. तिथे चुंबकीय पावडरची तपासणी करून मिळाली तर अधिक चांगलं. पोलादाच्या घडीव भागाला तीच खरी, आणि पृष्ठभागाच्या किंचित आत दडलेले तडेही तिच्यात सापडतात.

लिंक चांगली आणि ट्रनियन गेलेला, असं असेल तर ट्रनियन बनवून घेता येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ ओतणारेही आहेत आणि आतून उलटे आटे पाडणारे जुने टर्नरही. नमुना म्हणून झिजलेला ट्रनियन देऊ नका. टर्नर प्रामाणिकपणे झिजलेलंच माप उतरवेल. आट्यांच्या गेजने लिंकच्या न झिजलेल्या भागावरून पिच घ्या, व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्या आणि नवी लिंक मिळाली तर तिच्यावरच बसवून बघा. लिंक मात्र कधीही खरादावर बनवून घेऊ नका. ती घडीव पोलादाची आहे. सळई कापून आटे पाडले की दिसायला तशीच होते आणि हीच तिची अडचण आहे. झिजलेल्या आट्यांवर वेल्डिंगचा थर देऊन नवे आटे पाडणारेही भेटतात. नम्रपणे नको म्हणा.

आणखी एक उपाय सुचवला जातो: हे सगळं काढून मारुतीचा पुढचा स्ट्रट बसवून टाका. चासीवर नवे ब्रॅकेट जोडावे लागतात, चाकाची भूमिती बिघडते, आणि गाडी ५० वर्षांपुढची असेल तर कागदोपत्रीही अंगलट येतं. विंटेज नोंदणीचे जे नियम २०२१ मध्ये आले, त्यात चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेली गाडी बसत नाही. हजार-दोन हजारांच्या ब्राँझच्या ठोकळ्यासाठी ती नोंदणी घालवायची, हा व्यवहार मला कधी पटला नाही.

बसवताना

वाळलेलं ग्रीस ट्रनियनच्या तळातून, प्लगच्या भोकातून, आट्यांच्या खाचांतून शेवटच्या कणापर्यंत काढा. प्लगच्या भोकातून तार घालून ती आतल्या पोकळीत बाहेर येतेय का बघा. हा मार्ग बुजलेला असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. ट्रनियनच्या बुडाला बसवलेली गोल चकती गळत असते. पोकळीत पातळ तेल घालून ठोकळा वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर डाग दिसला तर चकतीची कड साफ करून कथिलाने झाळून घ्या.

लिंक आणि ट्रनियन दोन्ही तेलात भिजवून हाताने कसा. हाताने जात नसेल तर बाजू चुकली आहे किंवा आटे बिघडलेत, पाना लावू नका. रबर सील आधी चढवायला विसरू नका, नंतर चढत नाही. आता पूर्ण तळापर्यंत कसा आणि मग सोडवत आणा: बोल्टचं भोक जिथे पहिल्यांदा सरळ रेषेत येईल तिथपर्यंत, फार तर एक फेरा. हे मागे सोडणं राहिलं की पूर्ण वळवताना लिंक तळावर आदळते आणि शेवटच्या टप्प्यात स्टेअरिंग घट्ट होतं. वर ज्या तक्रारीचा उल्लेख केला ती हीच. लिंक तुटायला हेही एक कारण पुरतं.

आडवा बोल्ट कसताना नवा स्लीव्ह दोन्ही नायलॉन बुशांपेक्षा किंचित लांब आहे ना, ते हातात धरून बघा. तो आखूड असेल तर नट कसताच बुश चिमटतात आणि चाक वर-खाली जाताना कुरकुर करतं. सेल्फ-लॉकिंग नट नवेच वापरा. विशबोनच्या आतल्या टोकांना रबरी बुश आहेत, त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर टेकल्यानंतर, दोन-चारदा दाबून बसवल्यावर पक्के कसा. हवेत कसले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं.

मग तेल. ९० नंबरचं ईपी गिअर ऑईल, ग्रीसगनमध्ये भरून. गन तेलाने गळणार, खाली पत्र्याचं भांडं ठेवा. चाक हवेत असताना दुसऱ्याला स्टेअरिंग हळूहळू दोन्ही टोकांना न्यायला सांगा आणि तुम्ही मारत राहा. वरच्या सीलच्या कडेने आधी काळपट, मग स्वच्छ तेल पाझरायला लागलं की थांबा. प्लग परत लावा. निप्पल तिथेच राहू दिलं तर पुढच्या वेळी कोणीतरी तिथे ग्रीस मारेल. हवं तर प्लगजवळ पांढऱ्या रंगाने 'फक्त तेल' असं लिहा, मी लिहितो.

आज या गाड्या वर्षाला फार चालत नाहीत, त्यामुळे ९,६०० किलोमीटरचा हिशोब कामाचा नाही. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ गाडी उभी राहत असेल तर मध्ये आणखी एकदा. पाण्यातून गाडी नेलीत तर त्याच आठवड्यात.

एवढं करूनही जड राहिलं तर

एक बाजू केली आणि दुसरी 'ठीक वाटली' म्हणून ठेवली असेल तर आधी दुसरी उघडा. दोन्ही बाजूंनी तेल सारखंच चुकलेलं असतं. मग टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत, ते मोजून घ्या, कारण टाय रॉड एंड सोडवले तेव्हा ते बदलण्याची शक्यता आहे. शिम मूळ जागी परत गेले का बघा. लिंक पूर्वी एखाद्या अपघातात वाकलेली असेल तर डोळ्याला दिसत नाही. सपाट काचेवर किंवा सरफेस प्लेटवर, दुसऱ्या बाजूच्या लिंकशेजारी ठेवून तुलना करा. त्या दोघी एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात, त्यामुळे एकीचा टेपर दुसरीपेक्षा झुकलेला असेल तर ओळखू येतो. ट्रनियन जड नाही आणि चाकं मोकळी फिरताहेत, तरी स्टेअरिंग जडच, तर आता रॅककडे जा: दोन्ही टोकांचे रबरी बूट फाटून आत पाणी गेलंय का, आणि रॅक चासीला धरणाऱ्या क्लॅम्पखालचे रबर सरकलेत का. रॅकचे बूट फाटलेले असतील तर आतल्या ग्रीसचा चिखल झालेला असतो. तिथे ग्रीसच लागतं, तेल नाही.